मत कुणाला, ते गुप्त!

2024 च्या नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक 5 तारखेला आणि आपल्या विधानसभेची 20 ला. अमेरिकेत राहून दोन्हीकडे मत न देणारी मी. घरात मतदान केलं ते फक्त दुसरीतल्या चिरंजीवांनी, आदल्या सोमवारी, वर्गात. उमेदवार दोन गोड पदार्थ: पम्पकिन पाय आणि ॲपल पाय. पुठ्ठ्याचा आडोसा, पेटी, नावनोंदणी, सगळं साग्रसंगीत. ॲपल पाय जिंकलं. तू कुणाला दिलंस, विचारलं तर म्हणे, "आई, ते गुप्त असतं." एरवी याच्या पोटात काही राहत नाही. आजीने व्हिडिओ कॉलवर चॉकलेट कबूल केलं (सरळसरळ आचारसंहितेचा भंग), तरी पठ्ठ्या बधला नाही.

मला कौतुक वाटलं आणि जरा झोंबलंही. आमच्या वर्गाचा मॉनिटर बाई नेमायच्या. नागरिकशास्त्रात राज्यसभेची मुदत घोकली, पण शाळेत मत म्हणून कधी कुणी विचारलं नाही.

अर्थात इथलं सगळंच शहाणपणाचं नाही. निवडणूक मंगळवारी, कारण 1845 चा कायदा. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, मधल्या दिवसांत शेतकरी घोडागाडीने मतदानाला येणार. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला, आणि देशभर सुट्टी काही नाही. आमची शेजारीण कामावरून थेट रांगेत. आपल्याकडे भरपगारी सुट्टी! शिवाय गीरच्या जंगलात बाणेजला एकाच मतदारासाठी अख्खं केंद्र उभं राहायचं. हे मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलंय, की आता मी तोंड उघडलं की लोक कॉफीचे कप उचलतात.

पण मग चिरंजीवांनी विचारलं, "तू कुणाला दिलंस?" गुप्त असतं म्हणून सुटले असते. इथे व्हिसावर मत नाही. तिकडे 6अ फॉर्म भरून परदेशातल्या नागरिकाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. पोस्टाची सोय नाही. 20 तारखेला फॅमिली ग्रुपवर शाईच्या बोटांची रांग लागली. "तुमचं बरंय, लांबून बघायचं," असं काकांनी लिहिलंच. रजा आणि तिकिटाचे पैसे मी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी राखलेत. आणि मतदानाच्या सुट्टीला जोडून लोणावळ्याला कोण गेलं होतं, तेही ग्रुपवर दिसतंच की.

एवढ्यात थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे टर्की पक्षी खायच्या सणाचा, गृहपाठ आला: कागदाच्या टर्कीला असं सोंग द्या, की तिला कुणी कापणार नाही. गृहपाठ मुलांचा, रात्री जागायचं पालकांनी. आम्ही वासुदेव करायचं ठरवलं. वासुदेवाला कोण कापेल?

वर्गात 1621 ची मेजवानीही शिकवली. प्लिमथला आलेले इंग्रज आणि तिथले मूळनिवासी वाम्पानोआग एकत्र जेवले, पुढे 1863 मध्ये लिंकनने राष्ट्रीय दिवस जाहीर केला, संपलं. त्याच दिवशी प्लिमथला 1970 पासून मूळनिवासी शोकदिन पाळतात, त्याचा उल्लेख नाही. मी बाईंना ईमेल लिहायला बसले. मग आमचा पंधरा ऑगस्ट आठवला: ध्वजवंदन, प्रभातफेरी, लिमलेटच्या गोळ्या. फाळणीबद्दल त्या वयात आम्हाला तरी कुणी काय सांगितलं होतं? ईमेल खोडला. प्लिमथचं घरीच सांगू म्हटलं, पण अजून मोरपिसांची टोपी चिकटवायची होती.