बाझलमध्ये सायकलवरून

स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये मी सायकलवरून पडलो, तेही पूर्ण शुद्धीत असताना. ट्रामच्या रुळात पुढचं चाक गेलं, गुडघा सोलवटला. ज्याच्या वाटेनं मी निघालो होतो, तो मात्र ताळ्यावर नसताना याच गावातून सायकलनं सुखरूप घरी पोचला होता.

आल्बर्ट हॉफमन. सँडोझ या औषध कंपनीतला पगारदार रसायनतज्ज्ञ. ऱ्हाईन नदीकाठी जिथे त्याची प्रयोगशाळा होती, तिथे आता नोव्हार्टिसच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. मी बाहेरूनच बघितलं आणि सायकल वळवली.

हॉफमनचं काम होतं अरगटवर, म्हणजे धान्याच्या कणसावर पडणाऱ्या बुरशीवर. हा शब्द ऐकला की मला पाथर्डीकडचे आजोबा आठवतात. बाजरी पेरायच्या आधी ते दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि त्यात बियाणं ओतायचे. वर तरंगलेलं हलकं, बुरशीचं बी काढून जाळायचं. तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं. युरोपात हीच बुरशी राय या धान्यावर पडते. जात वेगळी, पण भावकी तीच. असल्या धान्याची भाकरी खाऊन मध्ययुगात गावंच्या गावं आजारी पडायची, हातपाय काळे पडून झडायचे. आणि तिकडच्या सुइणी हीच बुरशी चिमूटभर देऊन अडलेल्या बाईला मोकळी करायच्या.

या बुरशीतल्या लायसर्जिक आम्लापासून हॉफमन एकामागून एक संयुगं बनवत होता. पंचविसावं, म्हणजे भास घडवणारं एलएसडी, बनलं १९३८ मध्ये. प्राण्यांवर तपासलं, विशेष काही दिसलं नाही, फडताळात गेलं. पाच वर्षांनी, का कोण जाणे, त्याला ते पुन्हा करावंसं वाटलं. करताना थोडंसं अंगात गेलं असावं, कारण त्या दुपारी त्याला चक्कर आली आणि डोळे मिटले की रंग दिसू लागले. तीन दिवसांनी, १९ एप्रिल १९४३ ला, त्यानं मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं. त्याच्या हिशोबानं ही अगदी जपून घेतलेली मात्रा! प्रत्यक्षात ती पुरेशा मात्रेच्या पाचपट होती.

युद्धामुळे मोटारींवर बंधनं. म्हणून सायकल, आणि सोबत प्रयोगशाळेतली सहायक सुझी रामस्टाइन. आपण जागच्या जागीच आहोत असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, चांगलेच जोरात आलो. घरी शेजारीण दूध घेऊन आली तर त्याला ती चेटकीण दिसली. तरी त्यानं दोन लिटरच्या वर दूध प्यायलं. डॉक्टरांना फक्त डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या आढळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसानंतरच्या उन्हात बाग चकाकत होती, असं त्यानं लिहून ठेवलंय.

सगळे सायकलचीच गोष्ट सांगतात. मला सुझी जास्त आवडते. दोनच महिन्यांनी तिनं स्वतः ते घेतलं, त्याच्यापेक्षा कमी, आणि ट्रामनं शांतपणे घरी गेली.

बिनिंगेन ओलांडलं की बिर्सिग ओढ्याच्या कडेनं बॉटमिंगेन येतं. तेव्हा हॉफमन इथे राहायचा. दहा किलोमीटरसुद्धा नाही. पाण्यानं वेढलेली एक छोटी गढी आहे, तिच्यात आता हॉटेल चालतं. आतलं दरपत्रक बघून मी बाहेरच्या बाकावरच डबा उघडला.

आपल्याकडे एलएसडी म्हटलं की गोव्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावरचे हिप्पी. पण त्याच माणसानं, त्याच बुरशीच्या रसायनांवर काम करताना, मेथर्जिनही बनवलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं. मी बाकावरूनच आत्याला फोन लावला. ती तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात नर्स होती.

"मेथर्जिन माहीत आहे का गं?"

"माहीत आहे म्हणजे? फ्रिजमध्ये ठेवावं लागतं ते. लाइट गेली की मी अँप्युलं बर्फात घालून बसायचे. तुझ्या वेळी तुझ्या आईलाही मीच दिलंय. का रे?"

मी तिला हॉफमन सांगितला, बुरशी सांगितली, सायकल सांगितली. तो १०२ वर्षं जगला हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग ओघात माझं पडणंही सांगून बसलो.

"रुळावर पडलास? आणि धनुर्वाताचं इंजेक्शन?"