जावयाचीसुद्धा सही हवी

गोव्यात गावाकडे जागा घेतली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'काय दराने मिळाली?' दराचं बोलणं आमचं एका संध्याकाळी, चहाबरोबर आटोपलं. खरं काम होतं मालक गोळा करण्याचं.

आम्ही नवराबायको पणजीच्या फ्लॅटमध्ये आयुष्य काढलेली माणसं. निवृत्तीनंतर डिचोली तालुक्यात लहानसं घर बघायचं ठरवलं. पेडण्यात 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि तिथले भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले. सत्तरी तालुका मला मनापासून आवडतो, पण तिथल्या कितीतरी गावांत मोकाशे (जुन्या इनामी) आणि आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) जमिनींचा प्रश्न भिजत पडलाय. माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात, कसतात, आणि कागद त्यांच्या नावावर नसतो. त्या वयात आम्हाला तो घोळ नको होता.

एजंट मंडळींनी सुरुवातीला शेतंच दाखवली. समोर भाताचा मळा, पलीकडे डोंगर, आणि 'आता घेऊन ठेवा, झोनचं मागाहून बघू.' हे 'मागाहून बघू' ऐकलं की मी निघायचो. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला 2023 च्या कायद्याने बंदी आहे. शेतात फार्महाउस बांधायचं तरी किमान 4000 चौरस मीटर जमीन लागते. आम्हाला हवी होती त्याच्या पाव. म्हणून अट ठेवली : 2021 च्या प्रादेशिक आराखड्यात जागा सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, असावी आणि घर आधीपासून उभं असावं.

बायकोच्या मावसबहिणीने डिचोलीतल्याच साखळीच्या आतल्या अंगाला असलेलं एक घर सुचवलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, मागे पोफळी, विहिरीला मे महिन्यातही पाणी. सगळी मिळून 1100 चौरस मीटर. वकीलबाईंनी मात्र घर बघायच्या आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, मागितला. सर्व्हे नंबर ठाऊक असला की तो ऑनलाइन दिसतो. त्यात त्यांनी कुळाचा रकाना आधी पाहिला. कूळ कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं, त्यामुळे तिथे नाव असेल तर भाटकाराशी (जमीनदाराशी) बोलून उपयोग नाही. रकाना रिकामा होता. कब्जेदाराच्या रकान्यात एकच नाव, तेही कधीच वारलेल्या आजोबांचं. आणि 'इतर हक्क' या रकान्यात एका माणसाच्या नावापुढे फक्त 'घर' असं लिहिलेलं.

आधी आजोबांचं सांगतो. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही, वाटण्या नाहीत. आमच्याकडे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून घरात नांदते. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आलाय, पण गाभा तोच : मुलगा-मुलगी समान आणि नवराबायकोच्या मालमत्तेत दोघांची अर्धी-अर्धी मालकी. म्हणजे प्रत्येक मुलाबरोबर सुनेची आणि प्रत्येक मुलीबरोबर जावयाची सही. थोरला मुलगा वारला होता, तर त्याची बायको, त्याची मुलं आणि त्यांचे जोडीदार आले. एक नातू लंडनला. त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित होऊन यायचं होतं. धाकटा जावई तर चिडलाच. 'हांव कित्याक सही करूं? जमीन तिच्या बापायची!' त्याला पैशांचा लोभ नव्हता, उलट सासऱ्याच्या जमिनीला हात लावायची लाज वाटत होती. शेवटी वकीलबाईंनी त्याच्या घरी जाऊन समजावलं. परगावच्या खरेदीदारांचे व्यवहार बहुधा इथेच अडतात. सातबाऱ्यासारखं एक नाव दिसलं की त्यांना वाटतं, मालक सापडला.

कोण कोण वारस, हे स्पेशल नोटरीकडे सक्सेशन डीड (वारसांचा दस्त) करून पक्कं केलं. सोबत पोर्तुगीज काळातली नोंदणीही काढून घेतली. खोट्या जुन्या कागदांवर जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी 2022 मध्ये सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली होती. तेव्हापासून कोणताही शहाणा वकील मूळ नोंद बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आता ते 'घर'. मागच्या कोपऱ्यात मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) मातीचं घर, त्यात एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. विकणाऱ्यांचं म्हणणं, 'त्यांची काळजी करू नका, आम्ही बोलतो.' बोलून काय होणार? 1975 च्या मुंडकार कायद्याने त्यांना घराबाहेर काढता येत नाही, आणि गावात 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क त्यांना आहे. मी सरळ सांगितलं, आधी त्यांची जागा त्यांच्या नावावर होऊ दे, मग उरलेली 800 आम्ही घेऊ. भाटकार मंडळींना हे फारसं रुचलं नाही, पण मामलेदारांकडे अर्ज झाला, सर्व्हेवाल्यांनी मोजणी करून हद्दीचे दगड घातले. मी ते दगड लावताना उभा होतो. त्या विधवा बाईंनी फक्त एक विचारलं, विहिरीचं पाणी पूर्वीसारखं नेता येईल ना? ते आम्ही विक्रीखतातच लिहून घेतलं.

सबरजिस्ट्रारकडे विक्रीखत नोंदवायच्या दिवशी कार्यालयाबाहेरच्या बाकांवर अख्खं खानदान बसलं होतं. बरीच वर्षं न बोलणारे दोघे भाऊ शेजारी. अंगठे, फोटो, सह्या, आणि मध्येच कुणीतरी सगळ्यांना सोडा पाजला. आमच्या बाजूनेही दोघांची नावं घातली, अर्धी मालकी बायकोचीच.

पुढे म्युटेशन (फेरफार). विक्रीखत झालं म्हणजे एक-चौदावर नाव चढलं असं नव्हे, त्याची प्रक्रिया वेगळी. सगळ्या संबंधितांना नोटिसा जातात. मुंबईच्या एका पत्त्यावरची नोटीस परत आली, कारण तिथे आता इमारतच राहिली नव्हती. पुन्हा पत्ता, पुन्हा नोटीस. घरपट्टी पंचायतीत मात्र पटकन बदलून मिळाली. विजेचं बिल अजून आजोबांच्याच नावाने येतं. नावबदलाचा अर्ज खात्यात पडलाय, तोवर त्यांच्या वतीने आम्ही भरतो.