ट्रेनीने मशीन थांबवलं तो शुक्रवार

भोसरीच्या कारखान्यांत गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारची पहिली शिफ्ट म्हणजे आमच्याकडे कायम धावपळ. त्या शुक्रवारी तर कस्टमरचा टेम्पो सकाळपासूनच गेटवर उभा, माल अर्धाच तयार, डिस्पॅचवाल्याचा दर दहा मिनिटांनी फोन. अशात व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) पिवळा दिवा लागला आणि मशीन बंद. थांबवलं कोणी तर आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या ट्रेनी मुलीने.

मी, म्हणजे शॉपचा इन्चार्ज, पोचेपर्यंत तिथे चारपाच जण गोळा झालेले. मशीनचं सेटिंग करणारे आमचे सेटर तात्या (वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे, सगळं शॉप त्यांना तात्याच म्हणतं) तापलेले, "साहेब, साधा ऑफसेट टाकायचाय, ही टाकू देत नाही." (ऑफसेट म्हणजे मशीनमधे टूलच्या मापाची बारीक दुरुस्ती.) पोरगी हात मागे बांधून उभी, रडकुंडीला आलेली पण हलत नव्हती.

आता इथे काय होतं ते सांगतो, कारण सगळं इथेच ठरतं. "क्वालिटीची शंका आली तर मशीन थांबवा" असा बोर्ड हल्ली प्रत्येक कंपनीत असतो, चकचकीत, वर सेफ्टीचा लोगो वगैरे. पण थांबवल्यावर साहेब येऊन पहिलं वाक्य काय बोलतो त्याकडे सगळ्या शॉपचे कान असतात. "कोणी थांबवलं?" म्हणालात की संपलं, पुढचं वर्षभर कोणी बटणाला हात लावत नाही, माल गुपचूप पुढे जातो आणि बोंब कस्टमरकडून येते. म्हणून माझं वाक्य ठरलेलं आहे, मूड असो नसो. "बरं केलंस. काय दिसलं ते दाखव."

तिने दाखवलं. पार्ट म्हणजे ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, बोअर (आतलं गोल भोक) ६० एच७, म्हणजे ६० मिलिमीटरवर शून्य ते प्लस ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) एवढंच चालतं. हवेच्या दाबाने भोक मोजणाऱ्या एअर गेजवर रीडिंग येत होतं प्लस ३८, लाल. तात्यांचं म्हणणं बोअर मोठा होतोय, २३ मायक्रॉन कमी करून मधे आणा. वरवर अगदी बरोबर. पण हिने सकाळचा एक पार्ट रॅकवर मार्करने खूण करून ठेवला होता, तो उचलला, गेजवर लावला, प्लस २४. हिरवा. "सर, हाच मघाशी ३८ होता."

दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मी तो पार्ट हातात घेतला, मग वॉशिंग मशीनमधून नुकताच निघालेला घेतला. एक गार, दुसरा चांगला कोमट. रोज धुतलेले पार्ट रॅकवर अर्धा तास गार होतात आणि मग चेकिंगला येतात. त्या दिवशी टेम्पोच्या घाईत ट्रॉली थेट गेजवर आली होती. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ६० च्या बोअरला दहा अंशाच्या फरकात चौदा मायक्रॉन सहज. मेजरमेंटचं जगभरचं प्रमाण तापमान २० अंश धरतात ते उगाच नाही. तो ऑफसेट टाकला असता तर गार झाल्यावर माल शून्याच्या काठावर आला असता, बरेचसे पार्ट मायनसमधे, आणि कस्टमरच्या लाईनवर बेअरिंग अडकलं असतं.

तात्यांना हे तिथे सगळ्यांसमोर समजावत बसलो नाही. त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पंचवीस वर्षं सेटिंग केलेल्या माणसाला ट्रेनीपुढे खाली पाहायला लावलं की पुढे तो तिला काही शिकवेल ही आशा सोडायची. कॅन्टीनकडे जाताना एवढंच म्हणलं, "तात्या, गार आणि गरम पार्टचा फरक सगळ्या शिफ्टला तुम्हीच दाखवा, तुमचं ऐकतात." ते काही बोलले नाहीत, चहा मात्र त्यांनी पाजला.

डिस्पॅचवाल्याला फोनवर सांगितलं, टेम्पो उशिरा निघेल, कस्टमरशी मी बोलतो. हे काम इन्चार्जचंच, ते खाली ढकललं की मशीन थांबवणारा माणूस मनातल्या मनात गुन्हेगार होतो. शिव्या खायच्या त्या आपण खायच्या, पगारात धरलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या उभ्या मीटिंगमधे तिलाच बोलायला लावलं. आवाज बारीक, पण दोन्ही पार्ट हातात घेऊन दाखवले तिने. मी टाळ्या वगैरे वाजवायला लावत नाही, लोकांना अवघडल्यासारखं होतं. कोणाला कोणतं काम किती येतं ते दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डावर तिच्या नावापुढच्या गोलातला गेजिंगचा अजून एक पाव भाग रंगवला, सगळ्यांसमोर, बस.

लोक टोयोटाचं उदाहरण देतात, वर्करने दोरी ओढली की लाईन थांबते म्हणून. अर्धंच सांगतात. तिथे दोरी ओढल्याबरोबर लाईन थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईस्तोवर प्रश्न सुटला नाही तरच थांबते. म्हणजे सगळी मदार त्या येणाऱ्या माणसावर. आमच्याकडे दोरी लावायला पैसे पडत नाहीत हो, दिवा लागला की हातातलं एक्सेल सोडून उठणारा माणूस मिळत नाही. मी स्वतः टेबल केबिनमधून काढून शॉपच्या कडेला आणलंय. आवाज होतो, ऑइलचा वास येतो, पण दिवा दिसतो.

तात्यांनी नंतर एक गंमत केली. स्वतःच्या खिशातून तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन आणली आणि प्रत्येक ट्रॉलीवर मारत सुटले. रीडिंग कायच्या काय, चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन फसते. हे त्यांना कोणी सांगितलं तर त्याच पोरीने, आणि ह्या वेळी ते चिडले नाहीत, "मग काय लावायचं सांग" म्हणाले. दोघांनी मिळून पार्टला टेकवायच्या प्रोबवाल्या थर्मामीटरचं इंडेंट (खरेदीची मागणी) टाकलंय. परचेसवाले तीन कोटेशन मागतायत, त्यामुळे सध्या तरी अर्धा तास रॅक आणि हाताने चाचपून बघणं ह्यावरच चाललंय.