अडीच हात बोळ

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावी आमच्या घराची पूर्वेकडची भिंत आणि शेजारच्या आबांच्या वाड्याची पश्चिमेकडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. तोंडाशी तो चार फुटांहून किंचित कमी रुंद, लांबीला सुमारे ३८ फूट आणि मागे परड्याकडे जाताना फाकत गेलेला आहे. आमच्या कौलांची पागोळी त्यातच पडते आणि न्हाणीचे पाणीही त्यातूनच गटाराला मिळते. ही जागा कोणाची, हा प्रश्न माझ्या आयुष्याची पहिली पन्नास वर्षे कोणी विचारला नव्हता.

गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत असल्यामुळे आमच्या गावठाणाचे नगर भूमापन पूर्वी झालेलेच नव्हते. कागद म्हणून जो काही होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि तो घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो, मालकी सिद्ध करण्यासाठी नव्हे. २०२० साली गावठाणातल्या घरांची मोजणी करून मालकीचे कागद देणारी स्वामित्व योजना सुरू झाली आणि पुढे आमच्याकडेही ड्रोनने मोजणी झाली. उड्डाणाआधी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची होती. मी त्या दिवशी नोकरीमुळे साताऱ्यात होतो. आईने आमच्या भिंतीच्या कडेने फक्की ओढली, आबांनी त्यांच्या भिंतीच्या कडेने. दोघांनीही दुसऱ्याच्या हद्दीत जायला नको म्हणून सभ्यपणे माघार घेतली, आणि नकाशात बोळ कोणाचेही नाव नसलेला असा वेगळाच तुकडा म्हणून उमटला.

बेवारस तुकड्याचे पुढे काय होते हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन कोणा व्यक्तीची नाही ती शासनाची समजली जाते, म्हणजे आम्ही दोघेही गप्प बसलो असतो तर ज्या बोळात आमचे पाणी पिढ्यानपिढ्या पडत आले आहे तो मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मोजणीनंतर निघणाऱ्या मालकीच्या नोंदीत, सरकारच्या नावे लागला असता. चौकशी अधिकाऱ्यांपुढे हरकत मांडण्याची संधी होती. मी घाईघाईने अर्ज लिहिला आणि त्यात, आपली बाजू दोन्हीकडून भक्कम व्हावी या समजुतीने, ‘सदर जागा आमच्या वडिलोपार्जित मालकीची असून शिवाय बारा वर्षांहून अधिक काळ आमच्या प्रतिकूल कब्जात आहे’ असे वाक्य घातले. प्रतिकूल कब्जा म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर त्याच्या परवानगीवाचून उघडपणे, सलग ठेवलेला ताबा; तो ठरावीक मुदत टिकला की त्यावरून मालकी सांगता येते.

साताऱ्यातील ओळखीच्या वकिलांनी ते वाक्य वाचले आणि पेन उचलून त्याचा उत्तरार्ध खोडून टाकला. ‘‘तुम्ही एकाच तोंडाने दोन गोष्टी सांगताय. जागा बापजाद्यांची असेल तर कब्जा प्रतिकूल कोणाविरुद्ध? आणि प्रतिकूल म्हणालात की मालक दुसरा आहे हे तुम्हीच कबूल केलेत.’’ त्यांनी पुढे समजावले की मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे खासगी मालकाविरुद्ध प्रतिकूल कब्जाची मुदत १२ वर्षांची असली तरी शासनाविरुद्ध ती ३० वर्षांची आहे. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अशा कब्जाच्या आधारे वादी म्हणूनही दावा करता येतो, परंतु तो दिवाणी न्यायालयात. गावठाणाच्या चौकशीत त्याचा उपयोग नाही, तिथे कागद लागतो. त्या एका बैठकीचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा पुढच्या सगळ्या खेपांचा मिळून झाला नाही.

कागद मात्र आमच्याकडे नव्हता. आजोबांच्या पेटीत सोसायटीच्या पावत्या निघाल्या, खरेदीखत निघाले नाही. तेव्हा वकिलांनी सुचवले की आपला दस्त नसेल तर शेजाऱ्याचा पाहावा, कारण चतुःसीमा, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे ते, लिहिताना माणूस शेजाऱ्याविषयी खरे लिहून जातो. स्थावर मिळकतीच्या नोंदणीकृत दस्ताची नक्कल फी भरून कोणालाही मिळते, म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जुन्या सूची चाळल्या. तिसऱ्या खेपेला आबांच्या आजोबांनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी केलेले खरेदीखत सापडले. ते मोडीत होते. लिप्यंतर करणाऱ्या गृहस्थांनी भिंग धरून पश्चिमेची सीमा वाचली, थांबले, पुन्हा वाचली आणि मला ऐकवली: पश्चिमेस शेजारील घराची पागोळी पडते ती अडीच हात जागा सोडून. हात म्हणजे दीड फूट. बोळाच्या तोंडाशी मी टेप लावून पाहिला होता, तो तीन फूट नऊ इंच भरला होता.

नक्कल घेऊन मी आधी आबांकडे गेलो, कारण सुनावणीच्या दिवशीच तो कागद त्यांच्यापुढे टाकणे मला बरे वाटेना. त्यांनी लिप्यंतर दोनदा वाचून घेतले. ‘‘आज्यानं लिहिलंय म्हटल्यावर माझी ना कशाला असंल? पर माझी भिंत लिंपायला मला बोळात शिडी लावाय लागती, ते तेवढं लिहून घे.’’ ते लिहून घेतले. चौकशी अधिकाऱ्यांपुढे त्यांनी तसाच जबाब दिला, दोन पंचांच्या समक्ष जागेची पाहणी झाली आणि काही महिन्यांनी मिळकत पत्रिकेत आमच्या क्षेत्रात सव्वातेरा चौरस मीटरच्या आसपास भर पडली.

सगळा बोळ मात्र आला नाही. मागे फाकलेला तिकोना अडीच हातांच्या बाहेर राहतो, आणि त्याबद्दल ना आमच्या बाजूने कागद आहे ना आबांच्या, त्यामुळे तो शासनाच्या नावे लागला. कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दावा सांगता येतो, आणि तेथील आदेश मान्य नसल्यास आदेशाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करावा लागतो, असे वकिलांनी सांगितले आहे. तेवढ्या तुकड्यासाठी मी तो खर्च करणार नाही. आईने त्यात नेहमीप्रमाणे यंदाचे सरपण रचले आहे.