आकडा पाठ होता, अंगठ्याला ठाऊक नव्हता

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, आणि नेमके त्याच वर्षी मी नर्सिंगचे पहिले वर्ष एकाही रुग्णाचे तोंड न पाहता मोबाइलसमोर बसून काढले.

तरीही ऑनलाइन वर्गांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचे असेल आणि संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब ठेवावे लागतात, हे गणित भरल्या वर्गात फळ्यावर एकदा पाहून माझ्या डोक्यावरून गेले असते. घरी मात्र व्हिडिओ मागे नेत, कोणासमोर न लाजता, मी ते चार वेळा पाहिले.

पुढे अर्धा वर्ग समोर आणि अर्धा पडद्यावर अशी मिश्र व्यवस्था आली. तिच्यात घरी बसलेल्यांना बहुतेक वेळा बाके सरकल्याचेच आवाज ऐकू येत. व्याख्यान आधी पाहून यायचे आणि कॉलेजातला सगळा वेळ प्रात्यक्षिकाला द्यायचा, असे ज्या थोड्या आठवड्यांत झाले, तेवढेच दिवस मला खरोखर उपयोगी पडले.

रक्तदाब मोजायला मी व्हिडिओवरूनच शिकले होते. त्यात कोरोटकॉफ ध्वनी, म्हणजे पट्ट्यातली हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ठोके, इतके ठळक वाजत की ऑनलाइन चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. वॉर्डात पहिल्यांदा एका आजींच्या कृश दंडाला पट्टा बांधला, तेव्हा शेजारच्या मॉनिटरची टिकटिक आणि माझाच श्वास यांपलीकडे मला काहीही ऐकू आले नाही. पारा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर उतरेल इतक्या हळू हवा सोडायची, हा आकडा मला पाठ होता, पण अंगठ्याला तो ठाऊक नव्हता आणि प्रत्येक वेळी पारा धाडकन खाली येत होता. दोनदा फसल्यावर १२०/८० हा सामान्य रक्तदाबाचा आकडा लिहून मोकळे व्हावे, असा विचार मनात येऊन गेला, हे येथे कबूल करते. पडद्यावरच्या चाचणीत असा मोह कधी झालाच नव्हता, आणि तिथे चुकीच्या उत्तराने कोणाचे औषधही बदलणार नव्हते; इथे ते बदलू शकत होते.

तेवढ्यात आमच्या मॅडम दोघींना एकाच वेळी ऐकता येईल असा, कानात घालायच्या दोन जोड्या असलेला स्टेथोस्कोप घेऊन आल्या. त्यांनी माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून झडप हळूहळू फिरवली, आणि त्या "आता" म्हणाल्या त्याच क्षणी मलाही पहिला ठोका ऐकू आला. तो व्हिडिओतल्या ठोक्याहून कितीतरी मंद होता.

"किती भरलं गं?" आजींनी विचारले. मॅडम काही बोलल्या नाहीत. आकडा मीच सांगितला.