दोनशे किलोहर्ट्झची चूक: गच्चीवरच्या कर्ण्याची नोंदवही

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझ्याकडे एक तेलाचा डबा, एक नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) आणि भरपूर आत्मविश्वास होता. त्यातला डबा आता गच्चीत तुळस लावायला गेलाय. आत्मविश्वासाचं काय झालं ते पुढे येईलच.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन १४२०.४०६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या लहरीवर, अगदी बारीक आवाजात सतत गुणगुणत असतो. तो पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून, घरी बनवलेल्या अँटेनाने आणि आरटीएल-एसडीआर डोंगलने (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरने) ऐकायचा, एवढाच उद्योग आहे. डिश नाही, कर्णाच, म्हणजे हॉर्न अँटेना. डिशला फीड (तिच्यासमोर बसवायची छोटी अँटेना) लागतं, फीडला नेमकी जागा लागते आणि चुकायला दुप्पट वाव मिळतो. कर्ण्याचं गणित वहीत मांडता येतं आणि गेन (एका दिशेचं जास्त ऐकण्याची ताकद) गणिताच्या जवळपास येतो.

१४ डिसेंबर

तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा नापास. माझ्याकडचा डबा २३५ मिमी रुंद आहे. वेव्हगाइड (लहर आतून नेणारी नळी) म्हणून तो ६३८ मेगाहर्ट्झच्या वर चालू होतो, इथपर्यंतच मी पाहिलं होतं. पण त्याच डब्यात दुसरा मोड (लहर आत बसण्याची दुसरी तऱ्हा) ९०२ ला आणि तिसरा १२७६ ला सुरू होतो. म्हणजे आमच्या १४२० ला आत एका वेळी बरेच पाहुणे. गंमत अशी, की व्हीएनएवर मॅच झकास दिसत होता, म्हणजे सिग्नल अँटेनावरून फारसा परत येत नव्हता. सूर्यावरून कर्णा फिरवला तेव्हा कळलं, की तो तोंड एकीकडे करून भलतीकडे बघतोय. मॅच चांगला म्हणजे अँटेना चांगली, हा गैरसमज माझ्यापुरता कायमचा मिटला. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या नुसत्या रेझिस्टरचा) मॅच तर सगळ्यात सुंदर असतो.

२१ डिसेंबर

नवा डबा थिनरचा, पाच लिटरचा, १६५ × १०५ × २९० मिमी. (तीनदा साबणाने धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. थिनरच्या डब्याजवळ सोल्डरगन नेण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.) १६५ ची बाजू ९०८ मेगाहर्ट्झला सुरू होते, पुढचा मोड थेट १८१७ ला. आडव्या दिशेचा मोड १०५ च्या बाजूमुळे १४२८ ला येतो, म्हणजे सातेक मेगाहर्ट्झने वाचलो. डबा चार मिमी फुगीर असता तर वाचलो नसतो.

डब्यातली लहर हवेतल्या लहरीपेक्षा लांब असते, हे विसरू नका. हवेत २११ मिमी, या डब्यात २७५ मिमी. त्यामुळे प्रोब, म्हणजे लहर पकडणारी काडी, मागच्या भिंतीपासून पाव लहरीवर, म्हणजे ६९ मिमीवर. हवेतली पाव लहर धरून ५३ मिमीवर भोक पाडलेले दोन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मीच, पहिल्या डब्याच्या वेळचा. प्रोबची लांबी मात्र हवेतल्या पाव लहरीपासून सुरू करायची आणि कानशीने कमी करत जायची. ५३ मिमी पितळी काडी लावली तेव्हा रिटर्न लॉस (जितका जास्त तितका मॅच चांगला) ९ डीबी होता. अर्धा-अर्धा मिमी घासत ४८ वर आलो तेव्हा १९. तिथे थांबलो. विसाच्या हट्टापायी अजून घासून काडी वाया घालवायचा अनुभवही गाठीशी आहे.

कर्ण्याचं तोंड ७५ × ५७ सेंमी, गळ्यापासून खोली साधारण ६५ सेंमी. कागदावर गेन १८ डीबीआयच्या आसपास आणि बीम वीसेक अंशांचा, म्हणजे हात लांब करून पंजा पूर्ण ताणला तर जेवढं आकाश झाकतं तेवढा. थर्मोकोल, त्यावर अॅल्युमिनियमचा कागद, सांध्यांना अॅल्युमिनियमची टेप. डब्याच्या कडेवरचा रंग खरवडायला विसरू नका, नाहीतर कर्णा आणि डबा नुसते शेजारी राहतात, नातं जुळत नाही.

४ आणि १० जानेवारी

मोजमाप. कर्णा आधी मोकळ्या आकाशाकडे, मग गच्चीच्या फरशीकडे. फरशी म्हणजे ३०० केल्विनचं फुकटचं मानक. दोन्हींतला फरक फक्त २.२ डीबी आला. हिशेब केला तर रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट (तो तापमानात मोजतात) ४३० केल्विन. एवढा कसा? कारण एलएनए (बारीक सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) मी खाली सावलीत ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून, आणि मध्ये दोन मीटर आरजी-५८ केबल. या फ्रीक्वेन्सीला ती केबल आणि तिचे कनेक्टर मिळून पावणेदोन डीबीच्या वर खातात, आणि खाल्लेलं गोंगाटाच्या रूपात परत करतात.

दहा तारखेला एलएनए थेट प्रोबच्या कनेक्टरवर बसवला. (फिल्टर त्यातच आहे, तो हवाच. आमच्या समोरच्या इमारतीवर मोबाइल टॉवर आहे.) फरक ४.१ डीबी, गोंगाट १७५ केल्विन. महिनाभरात सगळ्यात जास्त फायदा झाला तो या दोन मीटर केबल काढल्याचा, आणि त्याचा खर्च शून्य.

१४२०.००० वर एक सुईसारखी रेघ सतत होती. आकाशातलं काही असं गोल आकड्यावर बसत नाही. २० मेगाहर्ट्झच्या कुठल्यातरी घड्याळाचा एकाहत्तरावा हार्मोनिक असावा म्हणून घरातली एकेक वस्तू बंद करत गेलो. घर निर्दोष निघालं. जिन्यातली सीसीटीव्हीची पेटी दोषी. ती बंद करता येत नाही, म्हणून फ्रीक्वेन्सीचे तेवढे खण हिशेबातून वगळतो. खालच्या मजल्यावरचे काका तेव्हा जिन्यात भेटले. “डिश बसवलीस का रे?” म्हणाले. “नाही काका, हायड्रोजन ऐकतोय.” काका थोडा वेळ गप्प राहिले आणि “बरं,” म्हणून गेले.

१७ जानेवारी, शनिवार

ऐकला!

रात्री साडेदहा, कर्णा जवळजवळ डोक्यावर, उत्तरेकडे दहा अंश कललेला. वृषभ आणि सारथी यांच्या सीमेवर, आकाशगंगेच्या केंद्राच्या बरोबर उलट्या दिशेला. पन्नास ओहमच्या लोडवरचा स्पेक्ट्रम आधी घेतलेला, त्याने भागलं, आणि पडद्यावर एक स्वच्छ टेकडी. दहा किलोहर्ट्झचे खण आणि एक मिनिटाची सरासरी घेतली तर गणिताने गोंगाटाची थरथर पाव केल्विनपर्यंत येते, आणि टेकडी कित्येक केल्विनची. म्हणजे संवेदनशीलतेचा प्रश्न नव्हताच. खरी डोकेदुखी खालची रेघ सरळ करण्याची असते, डोंगलच्या फिल्टरचा उतार काढण्याची.

हार्वर्डमध्ये हॅरॉल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी २५ मार्च १९५१ ला हीच रेघ पहिल्यांदा पकडली, तीही कर्ण्यानेच, प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या. विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकायचे म्हणे. आमच्याकडे बर्फ नाही, त्यामुळे “दादा, तुमच्या कर्ण्यात बॉल गेलाय” एवढ्यावरच भागतं.

फक्त टेकडी १४२०.४०६ वर नव्हती. १४२०.२८६ वर होती, १२० किलोहर्ट्झ खाली. वायू आपल्याकडे येत असेल तर रेघ वर सरकते, लांब जात असेल तर खाली. पण केंद्राच्या उलट्या दिशेचा वायू आपल्याकडे येतही नाही आणि लांबही जात नाही, तिथे वेग शून्याच्या आसपास असायला हवा. मग डोंगलचा क्रिस्टल खराब, दुसरं काय! स्क्रिप्टमध्ये १२० किलोहर्ट्झ मिळवायची एक ओळ घातली आणि टेकडी जिथे हवी तिथे आणून बसवली. डोंगलच्या डबीवर एक पीपीएम (दहा लाखांत एक) चूक लिहिलंय आणि मी त्याला ८४ पीपीएमचा गुन्हेगार ठरवतोय, हे तेव्हा खटकायला हवं होतं. रात्रीचा एक वाजला होता. नाही खटकलं.

१ फेब्रुवारी

दुपारच्या वाऱ्याने कर्णा गच्चीच्या कठड्यापर्यंत गेला. दोन बाजू मोडल्या. थर्मोकोल बास.

शाळेत असताना विज्ञान दिनाला खोडदला गेलो होतो तेव्हाची आठवण कामी आली. तिथल्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत, दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च कोसळतो. भोकं लहरीच्या मानाने लहान असली की लहरीला जाळी आणि पत्रा सारखेच. २१ सेंटिमीटरला अर्ध्या इंचाची वेल्डमेश भरपूर झाली. लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यावर जाळी, कोपऱ्यांत तारेने शिवलेली. फरशीची चाचणी ४.१ वरून ३.९ वर आली, थोडी जमीन जाळीतून डोकावत असणार. त्या बदल्यात वाऱ्याने कर्णा जागचा हलत नाही. सौदा मान्य.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकरा. रेडिओला दिवस-रात्र सारखेच, त्यामुळे भर उन्हात हंस तारकासमूह माथ्यावरून जाताना ऐकता येतो. इथे नजरेच्या रेषेत आकाशगंगेचे एकाहून जास्त बाहू येतात, म्हणून एकाहून जास्त टेकड्या दिसायला हव्यात. दिसल्या. मोठी १४२०.६१ वर, लहान १४२०.८० वर. एक किमी प्रतिसेकंद म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ, तेव्हा मोठी उणे ४३, लहान उणे ८३. उणे म्हणजे आपल्याकडे येणारी. या दिशेला ययाती बाहू, म्हणजे पर्सियस आर्म, उणे ४० च्या आसपास असतो आणि त्यापलीकडचा बाहू उणे ८० च्या. आकडे इतके चपखल की मी आलेख आमच्या हौशी मंडळींच्या गटात टाकला आणि खाली लिहिलं, “ययाती बाहू, थेट आमच्या गच्चीवरून.”

गटातल्या एका जुन्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्राचं एका ओळीचं उत्तर आलं: “आणि जवळचा हायड्रोजन कुठे गेला?”

बरोबर. आपल्या अंगणातला वायू सगळ्यात ठळक दिसायला हवा, शून्याजवळ. तो आलेखात नव्हताच. लांबचा पाहुणा दिसतोय आणि घरचा माणूस गायब.

संध्याकाळी डोंगल मोबाइल टॉवरच्या सिग्नलवर तपासला. चूक एक पीपीएमच्या आत. क्रिस्टल बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

चालत मीच होतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी धावते, आणि सूर्य स्वतः आजूबाजूच्या ताऱ्यांच्या मानाने शौरी तारकासमूहाच्या दिशेने साधारण २० किमी. १७ जानेवारीला माझा कर्णा ज्या दिशेला होता, तिच्यापासून पृथ्वी सेकंदाला १५ किमीने आणि सूर्य १० किमीने लांब जात होते. बेरीज २५, म्हणजे १२० किलोहर्ट्झ खाली. हंसाच्या दिवशी पृथ्वी त्या दिशेला जवळजवळ काटकोनात जात होती, तिचा वाटा जेमतेम एक किमी. पण सूर्य १७ किमीने हंसाकडे चाललेला. म्हणजे ८५ किलोहर्ट्झ वर. एकशेवीस आणि पंच्याऐंशी, दोनशे पाच. माझा “ययाती बाहू” म्हणजे आपलाच शेजारचा वायू होता, माझ्याच एका ओळीने ढकललेला.

ती ओळ काढली. तारीख, वेळ आणि दिशा घेऊन वेग वजा करणारं खरं गणित घातलं. पायथनच्या अॅस्ट्रोपायमध्ये ते तयार मिळतं. दोन्ही दिवसांचा जुना कच्चा डेटा पुन्हा चालवला. जानेवारीची टेकडी शून्यावर. हंसाची मोठी शून्यावर, लहान उणे ४० वर. ययाती बाहू होता, लहान टेकडीत. उणे ८० चं सध्या काही खात्रीने दिसत नाही, तिथे जास्त वेळ द्यावा लागेल.

कच्चा डेटा ठेवायची सवय लावा मंडळी, नुसते आलेख ठेवू नका. माझ्याकडे फक्त “दुरुस्त” आलेख असते तर हे उलगडलंच नसतं.

पुढचं काम: कर्णा एकाच उंचीवर बांधून चोवीस तास आकाश त्यावरून सरकू द्यायचं. त्यासाठी डोंगलला सावली, डब्याला पावसाळ्याआधी रंग आणि गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींची परवानगी हवी आहे. पहिली दोन होतील.