ड्वॉर्फचा झगा अन् मे महिन्यातलं ऊन : प्रोग्रेस अपडेट

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बराच फरक पडला आहे म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. सध्या टेबलावर रंगवायला एक ड्वॉर्फ (गोष्टीतला बुटका, दाढीवाला) योद्धा आहे, २८ एमएमच्या मापाची बारकी मूर्ती, नागपूरच्या मित्रानं रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट काढून दिलेली. आम्ही राहतो आर्वीकडच्या एका खेड्यात, मे मध्ये दुपारी पारा ४४-४५ च्या घरात जाते, अन् मला यावेळी सांगायचं ते एवढंच की बिगिनरचं टेक्निक सुधारायचं असेल तर सगळ्यात आधी ब्रशमधलं पाणी सांभाळता आलं पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

परदेशी व्हिडिओत सगळे सांगतात रंगाचे दोन पातळ कोट द्या. बरोबरच आहे ते, पण तिकडच्या थंड हवेत पातळ केलेला रंग काही मिनिटं तरी ओला राहतो, आपल्याकडे उन्हाळ्यात पॅलेटवरून मूर्तीपर्यंत जाईस्तोवर ब्रशचं टोक सुकायला लागते. अॅक्रेलिक वाळतो म्हणजे त्यातलं पाणीच उडून जाते ना, मंग हवा कोरडी अन् गरम असली की रंग अर्धवट सुकलेला लागतो, ओरखडे उमटतात अन् दाढीचे बारीक केस भरून जातात. म्हणून मी आता बाटलीतून थेंब काढला की पातळ ताकाइतका करतो अन् प्रत्येक वेळी आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढतो. रेघ नखाच्या कडेला पसरली तर पाणी जास्त, मधेच तुटली तर कमी. रेघ सलग आली, खालचं नख जरासं दिसलं, की मूर्तीला हात लावायचा. टिश्यूवर ब्रशची बाजू एकदा टेकवायची ही सवय सुद्धा लावून घ्या, टोक नाही, बाजू, पोटातलं जास्तीचं पाणी तिथंच निघून जाते.

वेट पॅलेट (ओल्या स्पंजवर कागद ठेवून रंग ओला ठेवणारी पाटी) इथं चैन नाही, गरजच आहे. विकतची नाही घेतली, चपट्या प्लास्टिकच्या डब्यात भांडे घासायचा नवा स्पंज कापून बसवला, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. मेणाचा कागद चालत नाही बरं, त्यातून पाणी वर येत नाही. झाकण लावून माठाजवळ ठेवला तर सकाळचा रंग संध्याकाळी पण चालते. बसायची जागा पण बदलली. कुलरच्या खोलीत हवा दमट असते ते फायद्याचं, पण झोताच्या समोर बसलं की तोच वारा रंग सुकवते, म्हणून भिंतीला पाठ करून बाजूला बसतो. अन् खरं काम पहाटेच, लाईट राहो की जावो, चार्जिंगचा एलईडी दिवा असतेच.

ब्रशचं पण सांगतो. नवीन पोरं बारीक कामासाठी सरळ ट्रिपल झिरो (०००, एकदम बारीक ब्रश) घेतात. भावांनो, आपल्या हवेत तर तो बिलकुल घेऊ नका, त्याच्या पोटात रंगच मावत नाही, डोळ्यापर्यंत नेईस्तोवर वाळून जाते. १ नंबर साईजचा पण चांगल्या टोकाचा ब्रश घ्या, डोळ्याची बाहुली सुद्धा त्याच टोकानं होते. धातूच्या नळीत रंग शिरू द्यायचा नाही अन् काम झालं की अंगाच्या साबणानं धुऊन बोटानं टोक काढून ठेवायचं.

आता झगा, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते तिथंच. प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर) ब्रशनं लावला. भर उन्हात स्प्रे मारला की थेंब हवेतच सुकतात अन् मूर्तीवर बारीक रवा बसल्यासारखं होते. काळा प्रायमर, त्यावर वरच्या बाजूनं राखाडी अन् शेवटी फक्त डोकं-खांद्यावर पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायचा), म्हणजे उजेड कुठून येते ते रंगाच्या आधीच दिसते. मग गडद लाल बेस. घड्यांमध्ये अॅग्रॅक्स अर्थशेड (सिटाडेल कंपनीचा तपकिरी वॉश, म्हणजे खोलात साचून सावली देणारा पातळ रंग) सोडला, पण पूर्ण झग्यावर ओतला नाही, एकेक घडी घेतली अन् खाली साचलेला थेंब कोरड्या ब्रशनं उचलला, नाहीतर कडा आधी सुकतात अन् डागाचं वर्तुळ राहते.

त्यानंतर ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसेल असा एकदम पातळ थर. ग्लेझमध्ये नुसतं पाणी वाढवलं की रंगातला चिकटपणा कमी होतो, म्हणून थोडं मॅट मीडियम (बिनरंगाचं, रंगाला धरून ठेवणारं द्रव) टाकतो. ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा करायचा अन् मुख्य गोष्ट, ब्रश जिथं उचलता तिथं रंगाचे कण जास्त बसतात. म्हणजे सावली गडद करायची तर रेघ घडीच्या खोलात संपवायची, उजेड चढवायचा तर उंचवट्यावर. हे एकदा हाताला समजलं ना, की लालपासून नारिंगीपर्यंतचा चढ आपोआप मऊ व्हायला लागते. डाव्या खांद्याखालची एक लांब घडी आहे, ती आता टॉर्च मारून पाहिली तरी रंग कुठं बदलला ते सापडत नाही. मित्राला फोटो पाठवला तर त्याचा फोनच आला, "काबे, हे तू ब्रशनं केलं? एअरब्रश कधी घेतला?" भल्ला आनंद झाला त्या दिवशी.

२०१९ मध्ये सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग आले तेव्हापासून एका कोटात सावली-उजेड दोन्ही मिळते, अन् पूर्ण सैन्य रंगवायला ते चांगलेच आहेत. पण माझं मत विचाराल तर पहिल्या काही मूर्ती बेस, वॉश, लेअर (वरून उजळ रंगाचे थर) याच रस्त्यानं करा, हात त्यानंच तयार होतो.

ड्रायब्रशचा सराव पुतण्याच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर केला, त्याला विचारूनच. मोठ्या अंगावर ब्रशचा दाब चटकन समजते. रेझिन प्रिंटवर मात्र ड्रायब्रश जपून, लेअर लाईन (प्रिंटच्या थरांच्या बारीक रेघा) असल्या तर सगळ्या वर येतात, आधी ओल्या पॉलिश पेपरनं घासून घ्या.

मूर्तीखालच्या बेससाठी (उभं राहायच्या चकतीसाठी) वावरातली काळी माती वापरून राहिलो. वैशाखात आपल्या जमिनीला भेगा पडतात तशाच छोट्या मापात पडतात, फक्त माती उन्हात तापवून, चहाच्या गाळणीनं चाळून, पाण्यात कालवून पातळ थर द्यायचा. फेविकॉल आधी घालू नका, भेगा नीट पडत नाहीत. पूर्ण वाळल्यावर पातळ फेविकॉल वरून थेंबाथेंबानं सोडायचं. आई म्हणे, "वावर कमी पडलं का रे बाप्पा, टेबलावर बी माती आणली?" पण ड्वॉर्फ त्यावर उभा केला तर बराच वेळ पाहत होती.

आता राहिलं दाढीचं शेवटचं हायलाईट, कुऱ्हाडीची धार अन् वार्निश. मॅट स्प्रे मृग लागायच्या आत मारून घेणार, दमट हवेत तो पांढुरका पडते. पुढं गॉब्लिनची टोळी आहे, ती पावसाळ्यातच होईल, तर तुमच्यापैकी कोणी ब्रशनं लावायचं मॅट वार्निश वापरत असेल अन् फेस न येता कसं लावायचं ते माहीत असेल तर नक्की सांगा.